साडेअकरा दिरहम

देरा सोडताना मी मागं वळून पाहिलं नाही.
पाहण्यासारखी सोयच नव्हती,
आरशात नुसत्या बॅगा, कुकर,
आणि रूथ कसबेनं दिलेलं कढीपत्त्याचं रोप
दुधाच्या पावडरीच्या डब्यात.

खरं तर सुटले होते मी.
सात वर्षं एका खोलीत दोघी,
मध्ये प्लायवूड, पलीकडे अजून दोघी,
त्यातली एक पैसे बदलायच्या दुकानात कॅशियर.
पहाटे साडेतीनला ती झोपेत नोटा मोजायची
आणि मी उशी कानावर ओढून म्हणायचे,
बाई, दे त्याला एकदाचे सुटे आणि झोप.

आणि गाडी लावायला जागा.
रात्रपाळीनंतर त्याच चार गल्ल्या,
टायपिंगचं दुकान, अत्तरवाला,
घड्याळं दुरुस्त करणारा, पुन्हा टायपिंगचं दुकान.
एकदा चाळीस मिनिटं फिरून
स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडले,
तेव्हा काचेवर टकटक करून एका पठाणानं
आपली टॅक्सी काढली,
आणि नुसत्या हातानं म्हणाला, ये.

गयाथीत माझ्या खिडकीखाली
बत्तीस चौकटी आखल्यात, पांढऱ्या, सरळ.
गाडी एक. माझी.
इथं पगार जास्त आहे.
इथं बाथरूम स्वतःचं आहे,
हे मी आईला फोनवर तीनदा सांगितलं.

दवाखान्यात उंट चावलेली माणसं येतात.
इद्रिस नावाचा म्हातारा सुदानी
टाके पडताना उंटाचीच बाजू घेत होता.
चूक माझी, म्हणाला,
मी त्याची जागा बदलली, त्याला न सांगता.
मी काही बोलले नाही.
पट्टी जरा जास्तच आवळली गेली.

साडेतीनला जाग येते.
कुणी मोजत नाही.
सवयीनं उशी कानावर घेते,
मग कळतं, अडवायला काही आवाजच नाहीये.

आई विचारते, घरची आठवण येते का गं?
येते, म्हणते मी.
कुठल्या घरची, ते ती विचारत नाही,
तिच्या लेखी मिरज सोडून दुसरं घरच नाही.
आणि देरा माझं होतं कुठे?
दर दोन वर्षांनी शिक्का मारून
राहू देत होते, इतकंच.

परवा ड्यूटीवरून आले
आणि गाडी सरळ चौकटीत घातली नाही.
एक फेरी मारली.
मग दुसरी.
तिसरीला रखवालदार उठून उभा राहिला.
सिस्टर, कुछ खो गया?
नाही रे, म्हटलं, जागा शोधतेय.
तो बत्तीस चौकटींकडे बघत राहिला,
मग माझ्याकडे,
मग पुन्हा चौकटींकडे.

वर आले आणि मोइदूक्काला फोन लावला,
खालच्या किराणावाल्याला.
तिसऱ्या मजल्यावरून मी टोपली सोडायचे,
तो त्यात दूध, अंडी,
आणि न मागितलेली कोथिंबीर ठेवायचा.
साडेअकरा दिरहम राहिलेत माझे, पाठवते, म्हटलं.
छोडो सिस्टर, तो हसला, काट देगा.
त्याच्या मागे कुणी खबूस मागत होतं,
बाहेर कुणाचा तरी हॉर्न थांबता थांबत नव्हता,
आणि लिफ्टचं दार कुणीतरी
नेहमीसारखं उघडं टाकलेलं,
ती घंटा, ठण ठण ठण.

मत काटो, मी म्हटलं.
वहीत असू दे.
तुझ्या त्या वेड्यावाकड्या अक्षरात,
सिस्टर, तिसरा माळा, साडेअकरा.

आणि फोन लगेच बंद करू नकोस.

त्यानं केला नाही.
अंड्यांच्या ट्रेवर ठेवून दिला
आणि गिऱ्हाईक बघू लागला.